रोजची वही
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्हाला आता वाचता येते, लिहिता येते. एस.टी.वरची पाटी तुम्ही वाचता. दुकानाचे बिल वाचता. अंगठ्याच्या जागी सही करता. हे काही थोडे झाले नाही. पण परवा वर्ग सुटल्यावर एका काकांनी मला विचारले, "गुरुजी, लिवायला आलं खरं. पण लिवायचं काय?"

प्रश्न खरा आहे. पूर्वी माणूस लिहायला शिकला, की आधी पत्र लिहायचा. मुंबईला गिरणीत असलेल्या भावाला, सासरी गेलेल्या लेकीला. आता पत्र कोण लिहितो? लेक फोनात दिसते, बोलते. मग हाताला बसलेले अक्षर हळूहळू मोडते. रान पडीक टाकले की तण माजते, तसेच ते.

म्हणून मी आज एकच गोष्ट सांगायला उभा आहे. शंभर पानांची एक वही घ्या. रात्री जेवण झाले, की तीत दोन ओळी लिहा. वर तारीख घाला. त्या दिवशी जे घडले ते लिहा. पुस्तकात हिला रोजनिशी म्हणतात. आपण रोजची वही म्हणू.

तुम्ही म्हणाल, "वही कशाला गुरुजी? फोनात सगळं राहतंय की!"

फोनाला मी नावे ठेवत नाही. माझा नातू पुण्याला असतो. संध्याकाळी तो फोनात दिसला, की आमच्या घरात दिवा लागल्यासारखे होते. पण फोन हे यंत्र आहे. त्याची आपली एक तऱ्हा असते. राबलेल्या बोटाला त्याची काच ओळख देत नाही. एकदा बोट लावले तर काही होत नाही, दुसऱ्यांदा लावले तर भलतेच उघडते. कधी म्हणतो जागा भरली. कधी म्हणतो पासवर्ड चुकला. तो पासवर्ड आपण घातलेलाच नसतो, नातवाने घातलेला असतो.

रेशनच्या दुकानात तेच. खुरपे धरून, भांडी घासून बोटांच्या रेघा झिजतात. यंत्र म्हणते, हा अंगठा जुळत नाही. मग ओटीपी मागतात. तो आकडा जातो मुलाच्या फोनवर. मुलगा कारखान्यात पाळीवर, त्याचा फोन बाहेर कपाटात. इथे आई पिशवी घेऊन उभी. तुमच्यापैकी कितीजणींनी हे सोसले आहे, ते मला ठाऊक आहे.

दोन वर्षांमागे पावसाळ्यात आमच्या घरच्या फोनाने मान टाकली. दुरुस्ती करणारा म्हणाला, "यातलं आता काही निघणार नाही." फोटो गेले, नंबर गेले. त्याच रात्री शेजारच्या गावचा एक माणूस सांगत आला, की माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीला दवाखान्यात नेले आहे. कोणत्या दवाखान्यात, ते त्याला माहीत नव्हते. मी गप्प बसलो. पत्नी उठली. ती चौथी शिकलेली. फळीवरची तिची वही तिने काढली. मागच्या पानावर भाच्याचा नंबर तिच्या हाताने लिहिलेला होता. शेजाऱ्यांच्या फोनवरून आम्ही तो लावला आणि पहाटेच्या गाडीने निघालो. बहिणी-बहिणींची भेट झाली. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

वहीला चार्जिंग लागत नाही, एवढेच मी सांगतो. पुढे चला.

आता यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठ्या. रेशनची चिठ्ठी, ए.टी.एम.ची चिठ्ठी, काही डेअऱ्यांत दुधाची चिठ्ठी. पुष्कळजण त्या डब्यात जपून ठेवतात. सहा महिन्यांनी काढून पाहा, कागद कोरा झालेला असतो. यात कोणाची लबाडी नाही. या कागदावर शाईने छापलेले नसतेच. कागदाला एक लेप असतो. यंत्रात ऊब लागली की तो काळा होतो, तेच अक्षर दिसते. ऊन, तेलाचा हात, प्लॅस्टिकची पिशवी यांनी ते अक्षर उडून जाते. म्हणून चिठ्ठी हातात आली, की त्याच दिवशी तिच्यातले आकडे वहीत उतरवा. किती लिटर, किती फॅट, काय दर. किती किलो तांदूळ, किती गहू. पी.एम. किसानचे वर्षाला ६००० रुपये २०००च्या तीन हप्त्यांत येतात. कोणता हप्ता कोणत्या दिवशी जमा झाला, तेही लिहा. पासबुक बँकेतून भरून आणलेत, की वहीशी ताडून पाहा.

पैशापेक्षाही तारीख महत्त्वाची आहे. हे मी ३६ वर्षे मास्तरकी करून शिकलो.

जूनमध्ये आई-बाप मुलाला शाळेत घेऊन येत. "जन्म कधीचा?" असे विचारले, की उत्तर यायचे, "लई पाऊस झाला त्या साली." कोणी म्हणे, "किल्लारीचा भूकंप झाला, तवा पोटात होता." भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ला, म्हणजे अदमास तरी बांधता येई. पण बहुतेकांचा अदमासही लागत नसे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून रजिस्टरात सरसकट १ जून पडे. आपल्या महाराष्ट्रात जुन्या माणसांत १ जूनला जन्मलेले एवढे का, याचे कारण हे. त्या दिवशी आयांना काही वेगळ्या कळा येत नव्हत्या!

माझीही तारीख १ जून १९६०. आई मात्र सांगायची, "पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या दिवाळीतला तू." पानशेत फुटले १२ जुलै १९६१ला. त्याच्या आदली दिवाळी ऑक्टोबर १९६०ची. घरात कोणाला लिहिता आले असते, तर एका ओळीचे काम होते. ती ओळ नव्हती, म्हणून मी ३१ मे २०१८ला निवृत्त झालो. नाहीतर दिवाळीपर्यंत शाळेत राहिलो असतो. पाच महिन्यांचा पगार बाजूला ठेवा, चौथीचा तो वर्ग मला पुरता करायचा होता.

आता कायदा चांगला आहे. १९६९च्या कायद्याने जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंद करायची असते. १ ऑक्टोबर २०२३पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून सगळीकडे जन्माचा दाखलाच लागणार आहे. ग्रामपंचायतीत जाऊन नोंद कराच. पण घरच्या वहीतही लिहा. वार लिहा, वेळ लिहा. बाहेर पाऊस होता की ऊन, तेही लिहा. ते सरकारी दाखल्यात येत नाही.

घरच्या नोंदीची किंमत कमी समजू नका. आपल्या पुणे जिल्ह्यात, भोरकडे, कारी नावाचे गाव आहे. तिथल्या जेधे देशमुखांच्या घरी जुन्या तिथी लिहिलेले टिपण होते. त्याला जेधे शकावली म्हणतात. लोकमान्य टिळकांनी ते १९१६ साली प्रसिद्ध केले. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा धरत. या टिपणात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. दुसऱ्या जुन्या ग्रंथांतही तीच तिथी सापडली. आज शासनाची शिवजयंती त्याच तारखेला असते. एका घरच्या माणसांनी लिहून ठेवले आणि जपले, म्हणून हे कळले.

आता जवळचे सांगतो. आमच्या वाडीत दोन भाऊ आहेत. अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. विहिरीवर मोटर बसवली, तेव्हा थोरल्याने पैसे घातले. धाकट्याने निम्मे परत दिले, असे धाकटा म्हणतो. थोरला म्हणतो, दिले ते बियाण्याचे. बापाला ठाऊक होते, तो वारला. मी दोघांशीही बोललो आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. आठवण अशीच असते, ज्याची त्याच्या बाजूला कलते. त्या दिवशी कोणी एक ओळ लिहिली असती आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या असत्या, तर यंदा त्या घरच्या लग्नात दोन मांडव पडले नसते.

आजारपणाचेही तसेच. डॉक्टर विचारतात, "ताप कधीपासून?" बायको म्हणते मंगळवार, मुलगा म्हणतो बाजाराच्या दिवशी, आजारी माणूस नुसता कण्हतो. कुत्रे चावले, तर लशीची सुई ठरलेल्या दिवशीच घ्यावी लागते. तो रोग एकदा उठला की त्याला औषध नाही. डॉक्टर सांगतील ते दिवस तिथल्या तिथे लिहून घ्या. जनावरांचे तर तुम्ही मला शिकवाल. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. पण म्हैस कोणत्या दिवशी फळवली, तेच लिहिलेले नसेल, तर मोजायचे कुठून? दोन महिने आधी तिला आटवायची कधी?

लिहायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. बॉलपेनने लिहा, पेन्सिलीने नको. चुकले तर एक रेघ मारा, पान फाडू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, चुकू द्या. तांबड्या शाईचा मास्तर निवृत्त झाला आहे. बँकेच्या कार्डाचा गुप्त आकडा मात्र वहीत लिहायचा नाही, आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

भांडण झाले तर लिहावे का? लिहावे. पण त्याच रात्री नाही, दुसऱ्या रात्री. निम्मे लिहावेसेच वाटणार नाही. आणि पुरुषमंडळींना एक सांगतो. हिशेबाची वही घराची असते, ती सगळ्यांनी पाहावी. पण बायकोची, सुनेची स्वतःची वही असेल, तर तिला विचारल्याशिवाय उघडू नका. तुमच्या फोनला तुम्ही कुलूप घालताच ना?

या वर्गातल्या एका मावशींनी महिन्याभरापूर्वी वही धरली. शेवटची चार पाने वाचून दाखवायची त्यांनी मला परवानगी दिली आहे. त्यांच्याच शब्दांत वाचतो.

"४ जुलै. पाऊस. भात लावलं. बाया ३."

"५ जुलै. अंगात कणकण. लावणीला गेले नाही. सुनेनं न सांगता चहा दिला."

"६ जुलै. बरं आहे. मुलाचा फोन नाही."

"७ जुलै. फोन आला. ४ मिनिटं बोलला."

काल हे पान दाखवताना त्यांनी मला विचारले, "गुरुजी, मिनिटं लिवायची असत्यात का?"

मी म्हटले, लिहा.