परसांतल्या कोंबडीची शुश्रूषा



आश्विन मध्यावर आला कीं नांदेड-लातूरकडील परसांतून एक दृश्य हमखास दिसूं लागतें. भर पावसाळ्यांतही तुळतुळीत पिसांनीं मिरवणारी कोंबडी थोड्याच दिवसांत ओंगळवाणी होते. मानेवरचीं पिसें झडतात, शेपटी उघडी पडते, तुरा आक्रसून फिका होतो, आणि अंड्यांचें तर नांवच राहत नाहीं. घरचीं माणसें निदान करून मोकळीं होतात : हिला कसला तरी रोग लागला, आणखी वाळण्याच्या आधीं बाजार दाखवावा हें बरें. पुढच्या आठवडी बाजारीं ती बिचारी पाय बांधून टोपलींतून रवाना होते.

आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे तें असें कीं, अशा कोंबड्यांपैकीं पुष्कळशा रोगी नसतात; साप कात टाकतो त्याप्रमाणें त्या आपला वेष बदलीत असतात. त्यांतली जी सर्वांत विद्रूप दिसते, तीच कित्येकदां सर्वांत गुणी निघते. तिला विकणें म्हणजे खुराड्यांतील उत्तम अंडीं देणारी आपल्या हातानें घालवून मध्यम प्रतीची जपून ठेवणें होय.

प्रथम पिसें कां गळतात तें पाहूं. पीस हें आपल्या नखाप्रमाणें वाढून पुरें झालें कीं निर्जीव होतें. त्याची झीज भरून येत नाहीं. म्हणून फाटकें वस्त्र टाकून नवें घ्यावें, तसें पक्ष्याला जुनें पीस टाकून नवें उगवावें लागतें. ही वेळ कोंबडी मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ओळखते. नांदेड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथें जूनमधला मोठ्यांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरांतला लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा असतो. पावसाळा सरून उजेड आटूं लागला कीं पक्ष्याच्या शरीराला सूचना मिळते. अंडीं घालण्याचें काम थांबतें आणि पिसें विणण्याचें काम सुरू होतें. खुडूक बसून पिलें वाढविल्यानंतर, उपासमार झाल्यास, अथवा उन्हाच्या तडाख्यानेंही अवेळीं पिसें गळतात. गळण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो : आधीं डोकें व मान, मग छाती व पाठ, आणि शेवटीं पंख व शेपटी. हा सारा व्यवहार पुरा होण्यास साधारणपणें दोन ते तीन महिने लागतात.

आतां गुणी कोंबडी ओळखावी कशी? संध्याकाळीं पक्षी शांत असतां त्याचा एक पंख हळूच पसरून पाहावा. पंखाच्या टोंकाकडे दहा लांब, ताठ पिसें दिसतील. त्यानंतर एक आंखूड पीस, आणि त्याच्या पलीकडे आंतील पिसांची रांग. त्या दहांपैकीं प्रत्येक पिसाला पुरतें वाढावयास सुमारें सहा आठवडे लागतात. मंद कोंबडी गळावयास लवकर लागते आणि दर पंधरवड्यास एकेक पीस टाकीत बसते. हिशेब करून पाहा : अशा रीतीनें दहावें पीस पुरें वाढेपर्यंत चोवीस आठवडे जातात. उलट कष्टाळू कोंबडी शेवटपर्यंत अंडीं देत राहते, उशिरां गळावयास लागते, आणि मग दोन-तीन पिसें एकदम टाकून बाराएक आठवड्यांत मोकळी होते. ती अधिक उघडी पडते याचें कारण तिचा आजार नव्हे, तिची घाई आहे. आपण तिच्या उघड्या अंगाकडे पाहतों; पाहावयास पाहिजे तिच्या पंखाकडे.

मोठ्या कुक्कुटपालकांना ही गोष्ट पुरी ठाऊक आहे. पिसें बदलून झाल्यावर कोंबडी पुन्हां चांगलीं अंडीं देते म्हणून कित्येक कारखानदारी पद्धतीच्या ठिकाणीं कळपाला उपाशी ठेवून ही गळती मुद्दाम घडवून आणीत असत; आणि ती रीत क्रूरपणाची आहे म्हणून २०११ सालीं भारतीय पशुकल्याण मंडळानें ती बंद करण्यास सांगितलें. व्यापारी ज्या विश्रांतीची किंमत ओळखतो, ती आपल्या परसांत आपोआप चालून आली असतां तिला आपण रोग म्हणावें, हें नवलच नव्हे काय?

या दिवसांत कोंबडीला मुख्य गरज असते ती आहाराची. पीस जवळजवळ सगळेंच प्रथिनांचें बनलेलें असतें, आणि नुसत्या ज्वारीवर तीं प्रथिनें पुरत नाहींत. ज्वारींत तीं शेंकडा दहाच्या आसपासच असतात. एरवीं अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा सोळा प्रथिनें चालतात, तेथें गळतीच्या काळांत वीस असावींत. लातूरच्या बाजारांत सोयाबीनला आणि तुरीला कांहीं तोटा नाहीं. परंतु कच्चें सोयाबीन कोंबडीला घालूं नये. त्यांतील एका द्रव्यामुळें प्रथिनें पचत नाहींत. तें नीट भाजून अथवा शिजवून द्यावें, किंवा सोयाबीनची पेंड द्यावी. तुरीची चुणी, करडईची पेंड, थोडी सुकट, आणि आपल्या खेड्यांतील मुलें हौसेनें खणून आणतात ती वाळवी, हींही उत्तम. भुईमुगाची पेंड बुरसलेली असेल तर मात्र ती एक चिमूटही वापरूं नये, कारण त्या बुरशीचें विष कोंबडीच्या यकृतावर घाला घालतें. शिंपल्यांचा अगर चुनखडीचा चुरा खाद्यांत न मिसळतां निराळ्या वाटींत ठेवावा. अंडीं बंद असतां तो तिला फारसा लागत नाहीं, आणि लागेल तेवढा ती आपण होऊन खाते.

दुसरी गरज स्वस्थतेची. नवें पीस वाढत असतां त्याच्या नळींत रक्त खेळत असतें. अशा निळसर कोंबांवर हात पडला तर कोंबडीला दुखतें. म्हणून मुलांना तिला उगाच उचलूं देऊं नये. या काळांत नवे पक्षी कळपांत आणूं नयेत, जागा बदलूं नये, आणि लस टोंचावयाची असल्यास पशुवैद्याला विचारून वेळ ठरवावी. मार्गशीर्ष-पौषांत नांदेड-परभणीकडे थंडीची लाट आली म्हणजे पारा दहा अंशांच्याही खालीं उतरतो. उघड्या अंगाच्या पक्ष्याला तो गारठा सोसत नाहीं. खुराड्याच्या वाऱ्याकडील बाजूस गोणपाट लावावें. मात्र वरच्या अंगाला हवा खेळती ठेवावी.

पण प्रत्येक गळकें पीस निरुपद्रवी असतें असेंही समजूं नये. निरोगी गळतींत पिसें दोन्ही अंगांनीं सारखीं जातात, खालीं नवे कोंब दिसतात, डोळा टवटवीत असतो आणि भूक शाबूत असते. नुसती पाठच उघडी असेल तर तो कोंबड्याच्या नखांचा प्रताप. शेपटीखालीं कातडी लाल असून पिसांच्या मुळाशीं पांढरे पुंजके दिसले तर त्या उवा. राखमिश्रित कोरड्या मातीचा खड्डा करून द्यावा, तींत कोंबडी स्वतःच अंग घोळून घेते. पिसवा व गोचिड्या रात्रीं लांकडाच्या फटींतून बाहेर पडतात. त्यांसाठीं खुराडें रिकामें करून भिंतींना चुना द्यावा. तुऱ्यावर खपल्या धरल्या तर देवी. हिरवट हगवण, श्वासाची घरघर आणि पिळवटलेली मान दिसली तर ती राणीखेत, म्हणजेच आपली मानमोडी. या दोहोंवर आधीं टोंचलेली लस हाच खरा उपाय आहे.

आणखी एका रोगाचें नांव स्पष्टपणें घेतलें पाहिजे. बर्ड फ्लू भारतांत पहिल्यानें आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्यें, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें. पुढें जानेवारी २०२५ मध्यें लातूर जिल्ह्यांतील उदगीर शहरीं कावळे मरून पडूं लागले आणि तपासणींत हाच रोग निघाला; त्याच महिन्यांत नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत किवळा गांवीं कोंबड्यांतही तो सांपडला. तेव्हां दोन-चार पक्षी एकाएकीं मेले, तुरे निळेजांभळे पडले, डोकीं सुजलीं, तर घरगुती उपचार करीत बसूं नये. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानें शिवूं नये, त्याला नाल्यांत फेकूं नये, आणि उरलेले पक्षी घाईघाईनें विकूं तर मुळींच नयेत. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें, अथवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. रोग ठरल्यास आसपासच्या एक किलोमीटरमधील कोंबड्या सरकार नष्ट करतें हें खरें. पण त्यांची भरपाईही देतें. लपवाछपवी केली तर नुसत्या कोंबड्याच नव्हे, माणसेंही धोक्यांत येतात.

आतां जखमी कोंबडीविषयीं. मांजर, मुंगूस, कुत्रा, घार, शिवाय कुंपणाची तार, असे तिचे शत्रु अनेक. परंतु जखमेनंतरचा पहिला शत्रु तिचाच कळप असतो. लाल रंग दिसला कीं बाकीच्या कोंबड्या तेथेंच टोंचा मारीत सुटतात, आणि लहानसा ओरखडा संध्याकाळपर्यंत खोल खड्डा होतो. म्हणून औषधाच्याही आधीं तिला निराळें करावें. डाल्याखालीं किंवा टोपलींत कोरडें कापड अंथरून, अर्धवट अंधार करून, तिला तासभर स्वस्थ बसूं द्यावें. तिचें अंग तापलें आहे म्हणून घाबरूं नये. कोंबडीचें शरीर एरवींही ४१ अंशांच्या आसपास असतें, आपलें ३७ असतें, म्हणून ती आपल्या हाताला नेहमींच गरम लागते.

धरतांना दोन्ही पंख अंगालगत मिटवून धरावी. पायांना धरून उलटी टांगूं नये. तिच्या छातीवर दाब देऊं नये. आपल्याला जसा श्वासपटल असतो तसा तिला नसतो. छातीचें हाड पुढें-मागें हलवूनच ती श्वास घेते, आणि घट्ट आवळल्यास गुदमरते. पाणीही चोंच उघडून आंत ओतूं नये. श्वासाचें भोंक जिभेच्या मागेंच असल्यानें तें पाणी फुप्फुसांत जातें. चोंचेचें टोंक पाण्याला लावावें, ती स्वतःच पिईल. पाण्यांत थोडा गूळ व चिमूटभर मीठ घातल्यास तरतरी येते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें पांच-दहा मिनिटें, मध्यें उचलून न पाहतां, दाबून धरावें. रक्तपिसाचा कोंब तुटला असेल तर त्यावर मैद्याची चिमूट दाबावी. मग एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत दीड लहान चमचा मीठ विरघळवून त्यानें जखम धुवावी, कडेचीं पिसें कात्रीनें कापावींत, आणि पोव्हिडोन आयोडीन पाण्यांत फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ करून लावावें. हळदीचा हलका लेप वरवरच्या ओरखड्यावर चालतो. खोल जखमेंत ती कोंबूं नये. रॉकेल, फिनेल, तंबाखू यांना तर जवळही आणूं नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या व बधिर करणारीं मलमें पक्ष्याला घातक ठरूं शकतात. माशा बसूं नयेत म्हणून जाळीखालीं ठेवावें, आणि किडे पडले नाहींत ना हें दिवसांतून दोनदां पाहावें. मांजराच्या दांताची जखम टांचणीएवढी दिसली तरी पशुवैद्याला दाखवावी, कारण तिचें विष आंत पसरतें. हाड मोडलें, पोट फाटलें, तर घरीं खटाटोप करण्यांत अर्थ नाहीं. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत, तालुक्यांतून दवाखाने आहेत. त्यांचा उपयोग करावा. औषध चालू असतांना किती दिवस अंडीं खाऊं नयेत, हेंही तेथेंच विचारून घ्यावें. आणि जिचा जीव वांचण्यासारखा नाहीं तिला दिवसचे दिवस तळमळत ठेवण्यापेक्षां वैद्याच्या हातानें सुटका देणें हीही शुश्रूषाच आहे.

बरी झालेली कोंबडी एकदम कळपांत सोडूं नये. तीन-चार दिवस मधें जाळी ठेवून एकमेकींना दिसूं द्यावें, आणि मग तिन्हीसांजेला, सर्व जणी दांडीवर बसल्यावर, हळूच त्यांच्यांत बसवावी. 

भगिनींनो, घरांतील कोंबड्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणीं आपणच ठेवीत असतां. म्हणून एवढी एकच विनंति करतों. यंदा दिवाळीच्या सुमारास कोणतीहि कोंबडी बाजारीं धाडण्यापूर्वीं तिचा पंख एकदां उघडून पाहा. दोन-तीन पिसें एकदम गळालेलीं असतील, शेजारीं नवे कोंब फुटलेले असतील, डोळा टवटवीत असेल, तर तिला तीन महिन्यांची मुदत द्या आणि ज्वारीच्या जोडीला पेंडीची मूठ घाला. माघांत दिवस वाढूं लागले म्हणजे नव्या पिसांची तीच कोंबडी अंड्यांच्या रूपानें तुमचें देणें फेडूं लागेल.