मुलांच्या हाती कोणतं बी द्यावं?



विषयाचं नाव वाचून काही जण नातवंडांना घेऊन आले आहेत, त्यांचं स्वागत. पण मला बोलायचं आहे ते मुख्यतः मोठ्यांशी. बी आणून देणं, गॅलरीतली हातभर जागा मोकळी करून देणं आणि मातीने भरलेल्या हातांवर न रागावणं, हे तिन्ही आपल्याच हातात असतं.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मुलाने शाळेत एक प्रयोग केलेला असतो. वाटीत ओला कापूस, त्यावर मूग किंवा मटकी. दुसऱ्या दिवशी मोड, चौथ्या दिवशी दोन पानं, वहीत चित्र, बाईंची सही. आठवडाभराने ते रोप पिवळं पडतं आणि कचऱ्यात जातं. कापसात अन्न नसतं. बियांच्या दोन डाळींत साठवलेली शिदोरी संपली की रोप संपणारच. मुलाच्या मनात मात्र राहतं ते एवढंच, की बी रुजतं आणि मरतं. फूल कधी आलं, शेंग कशी धरली, त्या शेंगेतून पुन्हा तेच बी कसं निघालं, हे त्याने पाहिलेलंच नसतं. माझं आज सांगणं आहे ते हे, की मुलाला बीपासून बीपर्यंतचा सगळा प्रवास एकदा तरी पाहू द्या. त्याला तीन-चार महिने लागतात. एवढा काळ मुलाचं लक्ष टिकायचं तर झाड काहीतरी करणारं हवं. हलणारं, लपणारं, उडवणारं, रंग बदलणारं. अशी झाडं दुर्मीळ नाहीत. बरीचशी आपल्या स्वयंपाकघरात, परसात आणि रस्त्याकडेला आहेत.

सुरुवातीला मात्र एक झटपट रोप घ्यावं, म्हणजे हाताला विश्वास येतो. त्यासाठी आळीव. संक्रांतीची सुगडं घरात पडून असतात. त्यातलं न रंगवलेलं, न गळणारं एक घ्या. आळीव अर्धा तास भिजवले की त्यांच्याभोवती बुळबुळीत डिंक तयार होतो. ते सुगडाला बाहेरून चोपडा आणि आत पाणी भरा. सच्छिद्र मातीतून पाणी पाझरत राहतं आणि दोन-तीन दिवसांत सुगडाला हिरवी लव फुटते. दुसरं एक सुगड असंच करून कपाटात ठेवा. त्यावरचं आळीव उंच, लुळं आणि पिवळं होईल. नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलेल्या घटाचं धान पिवळं का उगवतं, याचं उत्तर मुलाला न विचारता मिळेल.

आता लाजाळू. कोकणातल्या माणसाला तिचं कौतुक नाही. पायवाटेवर काटे टोचतात तीच ही. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आणि आपल्याकडे तण म्हणून पसरलेली, म्हणून ती कुंडीतच ठेवायची. बी कडक सालीचं असतं. त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवलं की चांगलं रुजतं. पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की त्या सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी चटकन बाहेर पडतं, ती बाजू ढिली होते आणि पान मिटतं. ते उघडायला दहा-वीस मिनिटं लागतात. आता मुलाला फक्त प्रश्न विचारायला सांगा. फुंकर मारली तर? पाण्याचा थेंब पडला तर? रात्री? फ्रान्समधले खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी १७२९ साली असाच एक प्रश्न विचारला होता. रात्री लाजाळू मिटते ती अंधारामुळे का? त्यांनी झाड अंधारात ठेवलं, तरी पानं दिवसाच्या वेळी उघडतच राहिली. सजीवांच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, या सगळ्या शास्त्राची सुरुवात त्या एका कुंडीपासून मानली जाते. कपाट तुमच्याही घरात आहे. कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी याच लाजाळूवर वर्षानुवर्षं काम केलं. अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लाजाळूच्या कुंड्या थोड्या उंचीवरून पुन्हा पुन्हा हलकेच पाडल्या. काही वेळा पडल्यावर झाडांनी पानं मिटणं सोडून दिलं. याला शिकणं म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. दहा वर्षांच्या मुलाने त्या वादात जरूर भाग घ्यावा.

माझ्या मते मुलांसाठी सगळ्यात मोठं नवल आहे भुईमुगाचं. शेंगा जमिनीत लागतात हे शहरातल्या मुलाला पुस्तकातून ठाऊक असतं, म्हणून तो त्यांना मूळ समजतो. कच्च्या, न भाजलेल्या शेंगा आणा, फोडून लाल सालीसकट दाणे काढा आणि रुंद तोंडाच्या कुंडीत, भुसभुशीत मातीत बोटाच्या दोन पेरांएवढे खोल लावा. महिन्याभराने पिवळी फुलं दिसू लागतात, जमिनीच्या वर, चारचौघांसारखी. फूल सकाळी उमलतं आणि उन्हं चढली की कोमेजतं. पुढे जे होतं ते बघायला मुलाला रोज कुंडीशी बसवा. फुलाच्या बुडातून एक बारीक, टोकदार काडी निघते आणि खाली मातीच्या दिशेने वाढू लागते. शेतकरी तिला आरी म्हणतात. ‘आऱ्या सुटल्या’ म्हणतात ते हेच. तिच्या टोकाशी बीजांड असतं. आरी मातीत शिरली आणि अंधार मिळाला, तरच टोक फुगून शेंग होते. जी आरी जमिनीपर्यंत पोचत नाही तिला शेंग धरत नाही. म्हणूनच आपले शेतकरी आऱ्या सुटण्याच्या सुमाराला भुईमुगावरून रिकामा पिंप फिरवतात, म्हणजे फांद्या दबून आऱ्या मातीला टेकतात. कुंडीत मुलाने दोन मुठी मातीची भर दिली तरी पुरे. एखादी आरी मुद्दाम वर बांधून ठेवायची आणि तिचं काय होतं ते पाहायचं, हा प्रयोग तर पाचवीतलं मूल सहज करील.

साधारण चार महिन्यांनी झाड उपटायचं. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने शेंगांचा घोस जमिनीतून ओढून काढला आहे, त्याला निसर्ग वाचवा असं वेगळं सांगावं लागत नाही. मुळांवरच्या बारीक गाठीही त्याला दाखवा. ताजी गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा असतो.

मांडवाला जागा असेल तर घोसाळं आणि दोडका शेजारी शेजारी लावा. दोन्ही सख्खी भावंडं, दोघांचीही फुलं पिवळी. पण घोसाळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी. आधी नुसती नर फुलं येतात. मादी फुलामागे इवलंसं फळ आधीपासूनच असतं, त्यावरून ते ओळखायचं. उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात, तिथे मुलाने नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवायचं. ही मधमाशीची नोकरी मुलं फार मनापासून करतात. एक घोसाळं भाजीला न काढता वेलीवरच तपकिरी होऊन वाळू द्या. खुळखुळू लागलं की साल सोला आणि बिया झटकून काढा. हातात उरते ती अंग घासायची जाळी. अनेक मुलांना ती कारखान्यात तयार होते असं वाटतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी कमळ. पूजासाहित्याच्या दुकानात कमळगट्ट्याची माळ मिळते, ते कमळाचंच बी. कवच इतकं घट्ट, की पाणी आत जातच नाही. ईशान्य चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेलं, सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळबी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं. ते संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढा काळ ते बी थांबून होतं. आपल्याला तेवढं थांबायला नको, म्हणून मोठ्या माणसाने कानशीने एका टोकाचं कवच आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत घासायचं आणि बी ग्लासभर पाण्यात टाकायचं. पाणी रोज बदला. आठवडाभरात हिरवा कोंब गुंडाळी सोडत वर येतो. पुढे चिखलाचं घमेलं, वर पाणी आणि डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे. फूल पहिल्या वर्षी येईलच असं नाही, हे मुलाला आधीच सांगा. पानावरून घरंगळणारं पाणी मात्र लगेच पाहायला मिळतं.

गुलबाक्षी आणि तेरडा सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यावर फार बोलत नाही. गुलबाक्षी उन्हं कलली की उमलते. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या जातींचा संकर केला तर गुलाबी फुलं येतात, हे जर्मन शास्त्रज्ञ कोरेन्स यांनी दाखवलं आणि आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकांत गुलबाक्षीला कायमची जागा मिळाली. मुलांनी रंगानुसार बिया वेगळ्या पुड्यांत ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षी कोणत्या पुडीतून कोणता रंग निघाला ते मांडावं. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो, पण मुलांची मजा रंग गेल्यावरच सुरू होते. पिकलेल्या बोंडाला बोट लावायचा अवकाश, कवच पाच पाकळ्यांसारखं फाटून आत वळतं आणि बिया लांबवर उडतात.

एक गोष्ट बजावून सांगतो. गुंज दिसायला सुंदर, पण विषारी आहे. धोतरा, एरंड आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टीही तशीच. या बिया लहान मुलांच्या हातात देऊ नका. गुलबाक्षीचं बीसुद्धा तोंडात जाता कामा नये. दुकानातल्या पुडीतलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते मोठ्यांनीच पेरावं आणि हात धुवावेत. आणि कासच्या पठारावर गेलात तर तिथलं किडे खाणारं दवबिंदूचं रोप मुलांना वाकून दाखवा, पण उपटून आणू नका. ते तुमच्या कुंडीत जगणार नाही आणि तिथलंही कमी होईल.

शेवटी बी धरण्याविषयी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, वाढवलं, वाटलं आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. घरोघरच्या बाया राख चोळून, मडक्यात भरून बी राखत आल्या, त्याच रीतीचं हे काम. आपल्या मुलांना एवढं मोठं काम करायचं नाही. स्वतःच्या झाडाचं बी सावलीत वाळवायचं, कागदाच्या पुडीत बांधायचं, वर नाव आणि महिना लिहायचा आणि त्यातलं अर्धं मित्राला द्यायचं.

आज मे महिना आहे. सात-आठ जूनला मृग लागेल. लाजाळू, भुईमूग, घोसाळं, तेरडा, सगळ्यांना तीच वेळ मानवते. कुंडीच्या तळाला भोक आहे ना ते या आठवड्यात पाहून घ्या, माती आणि शेणखत आणून ठेवा आणि कोणतं बी लावायचं हे मुलांनाच ठरवू द्या.