निर्गुडीचा पाला आणि माझी बोटे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वैद्य नव्हे, शिक्षणही सातवीपर्यंतच. पण सांधेदुखीवर तुम्ही बोलाच, असा मंडळाचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंचे गुडघे वयोमानाने दुखत. ओढ्याकाठच्या निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायचा आणि एरंडेल चोळलेल्या गुडघ्यावर फडक्याने बांधायचा. त्यांना रात्री झोप लागे. हा उपाय टाका, असे मी मुळीच म्हणणार नाही.

पुढे माझी बोटे सुजू लागली. मीही तोच पाला बांधला. तेवढ्यापुरते बरे वाटे, म्हणून दवाखाना लांबणीवर टाकला. मग बाजारात एकाकडून जडीबुटीच्या पुड्या घेतल्या. दोन दिवसांत दुखणे पळाले! पण चार महिन्यांत तोंड सुजून गोल झाले, रक्तात साखर चढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात स्टेरॉइड मिसळलेले असावे. एकदम बंद करू नका, मी सांगेन तसे कमी करू."

तपासणीत कळले की माझा आमवात. सासूबाईंचे गुडघे झिजलेले होते. आमवातात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. औषध वेळेवर मिळाले तर सांधे वाचतात. माझी दोन बोटे वाकडी झाली ती झालीच. पोळी लाटते, पण मोदकाला कळ्या पाडता येत नाहीत.

वनस्पतींना मी नावे ठेवीत नाही. वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या सालीतील द्रव्याचा माग काढीत शास्त्रज्ञ १८९७ साली ॲस्पिरिनपर्यंत पोहोचले. झाडात गुण आहे, म्हणूनच त्याला माप हवे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हळदीच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सकाळी बोटे तासभर आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पाला मागाहून खुशाल बांधा. बिननावाची पुडी मात्र घरात आणू नका.

आपण बायका घरातल्या सर्वांचे दुखणे पाहतो आणि आपले तेवढे उद्यावर ढकलतो. मी ढकलले. तुम्ही ढकलू नका, एवढीच विनंती करून आपली रजा घेते.