घरातील मांजर आणि मुलांची धाप



शिक्षण व विवाह हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय सोडून आम्ही मांजराविषयी बोलणार, याचे काहींना हसू येईल. परंतु घरात पाळणा हलणार म्हटले की मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडावयाचे, आणि मूल धापा टाकू लागले की सारे खापर तिच्यावर फोडावयाचे, असे आपल्याकडे घडते. म्हणून हा प्रपंच.

खानदेशात मांजर ही चैन नव्हती. धाब्याच्या घरात ज्वारी-बाजरीच्या कणगी असत. उंदरांचा बंदोबस्त मांजर करी आणि ओसरीवर वा गोठ्यात निजे. बालकांची रक्षणकर्ती जी षष्ठीदेवी, तिचे वाहनही मांजरच. आज जळगाव-धुळ्याच्या सिमेंटच्या घरांत तीच मांजर दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत मुलाच्या उशाशी निजते. हा फरक लहान नव्हे.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्याच साली व्हिएन्ना येथील डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द प्रचारात आणला. मांजराच्या बाबतीत मूळ दोष केसांचा नव्हे. तिच्या लाळेत व त्वचेच्या ग्रंथींत असणाऱ्या एका प्रथिनाचा आहे. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, गोधड्यांत बसतात. मांजर गेल्यावरही ते कित्येक महिने घरात राहतात. म्हणून तिला हाकलून आठ दिवसांत गुण यावा, ही अपेक्षा व्यर्थ होय.

मग बाळाजवळ मांजर असणे घातकच काय? अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरातील ४७४ मुलांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षी ज्यांच्या घरी दोन वा अधिक कुत्री-मांजरे होती, त्यांच्यात सहा-सात वर्षांच्या वयात ॲलर्जीची प्रवृत्ती कमी आढळली. अन्य पाहण्यांचे निष्कर्ष मात्र असे एकमुखी नाहीत. तेव्हा औषध म्हणून मांजर आणू नये, आणि भयाने टाकूनही देऊ नये.

ज्या मुलास शिंका, डोळ्यांची खाज वा धाप लागते, विशेषतः आईबापांस दमा असेल, त्याची वैद्यकीय तपासणी करावी. त्वचेवरील चाचणीने बहुधा कारण कळते. धूळ, झुरळे, चुलीचा धूर यांचाही विचार व्हावा. दोष मांजराचाच ठरला, तर तिच्यासाठी चांगले घर शोधावे. निदान तिला निजण्याच्या खोलीत येऊ देऊ नये व अंथरुणे गरम पाण्याने धुवावीत.

शेवटी एक कटु गोष्ट. मुलीचे लग्न मोडेल या भयाने तिचा दमा लपविला जातो. श्वासाचा पंप ट्रंकेच्या तळाशी जातो. दमा हा कलंक नव्हे, पण उपचार चुकले तर तो प्राणावर बेततो. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण तिला हसतो. आपल्या लेकींच्या बाबतीत आपणही डोळे मिटू नयेत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.