रक्ताचे नाते आणि शिवेचे नाते
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वंशावळीचे तक्ते भरताना आपली तरुण मंडळी 'रिलेशन' या एकाच शब्दाखाली काका, मेहुणा, जावई अशा सर्वांना बसवितात. इंग्रजी कायद्याची भाषा मात्र येथे दोन निराळे शब्द योजते : 'कॉन्सँग्विनिटी' आणि 'अ‍ॅफिनिटी'. पहिल्याच्या पोटात लॅटिनमधील 'सँग्विस' म्हणजे रक्त आहे. एका पूर्वजापासून उतरलेल्यांचे ते नाते. दुसऱ्याच्या पोटात 'फिनिस' म्हणजे सीमा आहे. ज्याची शीव आपल्या शिवेस लागली तो 'अ‍ॅफिनिस'. विवाहाने जोडलेल्या माणसासही तोच शब्द लागला. आपण ज्यास सोयरा म्हणतो तो हाच. शेताच्या बांधावरून डोकी फोडण्याचा मान मात्र आपल्याकडे सोयऱ्यांना क्वचितच मिळतो. तो भावकीचा, आणि 'भाऊबंदकी' हा शब्दही तिनेच भाषेला दिला!

हा भेद केवळ कोशातला नव्हे. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने मृत पत्नीच्या बहिणीशी केलेला विवाह रद्दबातल ठरू लागला. पती-पत्नी एकदेह, तेव्हा तिची बहीण ती आपलीही बहीण, अशी त्यामागे धर्मपीठाची धारणा. ती बंदी उठावयास 1907 साल उजाडले. आपल्याकडे मेहुणीशी दुसरेपणाचे लग्न हे रीतीबाहेरचे मानले जात नसे. पोरक्या मुलांना मावशीच आई म्हणून मिळाली, यात लोकांना समाधानच वाटे.

आता वारशाचे पाहू. आपल्या घरांना खरी झळ येथे लागते. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे वारस 1956 च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याने ठरविले, ते प्रामुख्याने रक्ताच्या नात्याने. तथापि सोयऱ्यांना दार अगदीच बंद नाही. आधी वारलेल्या मुलाची विधवा पहिल्याच वर्गात आहे; भावाची विधवा दुसऱ्या वर्गात आहे. जावई मात्र कोठेच नाही. मुलगी पित्याआधी निपुत्रिक वारली आणि जावयाने वृद्ध सासऱ्याची दहा वर्षे सेवा केली, तरी कायद्याच्या लेखी तो परकाच. जवळचे दुसरे कोणी नसल्यास, ज्याने कधी साधे पत्रही टाकले नाही असा पुतण्या वारस होऊन उभा राहतो. मला हे उणे वाटते. सुनेसाठी जे दार किलकिले केले, ते अशा जावयासाठी का नसावे?

कायदा बदलेपर्यंत उपाय एकच, मृत्युपत्राचा. त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते त्रयस्थ असावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. आणि लिहिताना 'माझे नातलग' असे मोघम न लिहिता, ज्यास द्यावयाचे त्याचे पूर्ण नाव, त्याचे आपल्याशी नाते आणि मिळकतीचे वर्णन स्वच्छ अक्षरांत लिहावे.