मूठ उघडेना

आजच्या भागात कोड नाही, करिअर नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स तर अजिबात नाहीत. आज आहे बाळाच्या हाताचा ठसा. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांना माहीतच असेल, बारशाच्या भेटींमध्ये हल्ली एक तरी 'थ्रीडी कास्टिंग किट' येतंच. आमच्याकडे दोन आली.

त्या वेळी लेक चार महिन्यांची होती. माझी २६ आठवड्यांची रजा संपत आलेली. डिलिव्हरीच्या आधीच काही आठवडे घ्यावे लागले, त्यामुळे हातात उरते त्याहून कमी. आणि माझी आजी, म्हणजे बाळाची पणजी, त्या रविवारी कराडला परत जाणार होती. वय ८३. गुडघ्यांमुळे पुढच्या वेळी चार तासांचा प्रवास झेपेल की नाही, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला आजीच्या हातात बाळाचा हात असा ठसा हवा होता.

किटमध्ये दोन पावडरी असतात. पहिली अल्जिनेट. ही समुद्री शेवाळापासून बनते, दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला हीच वापरतात. पाण्यात कालवायची, हात बुडवायचा, दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. हात हळूच बाहेर काढला की आत पोकळ साचा राहतो. त्यात दुसरी पावडर, म्हणजे प्लास्टर, ओतायची. तेही लगेच, कारण अल्जिनेटमधलं पाणी उडायला लागलं की साचा आकसतो.

इंजिनियर आहे, त्यामुळे आधी टेस्टिंग. आदल्या रात्री नवऱ्याच्या अंगठ्यावर करून पाहिलं. झकास! नखाची कडासुद्धा उमटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रॉडक्शन. किटवर लिहिलेलं, 'साधं पाणी वापरा'. आता मे महिन्यात पुण्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्याला साधं पाणी म्हणणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. अल्जिनेटला पाणी जितकं गरम तितकं ते लवकर धरतं. बाळाचं झबलं वर सरकवेपर्यंत भांड्यात गुलाबी खरवस तयार. उलटं केलं तरी पडेना. आजी म्हणाली, "वड्या पाड आता."

दुसरं पाकीट माठातल्या पाण्यात कालवलं. या वेळी वेळ भरपूर मिळाला, पण हात बुडाला आणि मूठ बंद! तळहाताला काहीही लागलं की मूठ आवळायची, ही तान्ह्या बाळाची उपजत प्रतिक्रिया. साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंत ती असते. आजी बोट सरकवून मूठ सोडवायला बघत होती, तर तिने आजीचं बोटही धरलं आणि ओंजळभर अल्जिनेटही. मग ते सगळं तोंडाकडे. तोंडात जायच्या आत नवऱ्याने हात धरला, तिने भोकाड पसरलं. साच्यातून जे निघालं ते उकडलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. त्याच्या एका बाजूला आजीच्या नखाची रेघ.

तिसरा प्रयत्न झोपेत, पायाचा. पाय बुडाला, सगळे श्वास रोखून, आणि शेजारच्यांच्या कुकरने शिट्टी दिली. तीन बोटांचं पाऊल मिळालं. बरं आहे तसं.

इथे जरा थांबते, कारण हे महत्त्वाचं आहे. अल्जिनेट संपल्यावर नवरा म्हणाला, "अगं, प्लास्टर उरलंय की. सरळ त्यातच हात बुडवू. हाड मोडल्यावर घालतात ना?" मी ठाम नाही म्हटलं. मोडलेल्या हाडावर घालतात ते पातळ पट्ट्यांचे थर, खाली कापसाचं अस्तर. भांड्यात कालवलेलं प्लास्टर घट्ट होताना उष्णता सोडतं, जाड गोळा असेल तर ६० अंशांच्या वरही जातं. आणि हात आत अडकलेला. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत चित्रकलेच्या तासाला एका १६ वर्षांच्या मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात घातले आणि जवळपास सगळी बोटं गमावली. तेव्हा प्लास्टर फक्त साच्यात ओता, अंगावर कधीच नाही. असे व्हिडिओ कुणी पाठवले तर पुढे ढकलू नका.

शनिवारी संध्याकाळी आजी म्हणाली, "अगं, मूठ उघडत नाही तर मुठीचंच घे की." मला कळेना. मग तिने तांदळाचं पीठ पाण्यात भिजवलं, स्वतःची मूठ वळून करंगळीची बाजू त्यात टेकवली आणि काळ्या कार्डशीटवर उमटवली. वर बोटाने पाच टिंबं. पाऊल तयार! गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत काढतात ना, तसं. लहानपणापासून दरवर्षी बघत आलेय मी ते.

बाळाची मूठ बंदच होती, त्यामुळे या वेळी तिला काही करायचंच नव्हतं. पीठ लावलं, टेकवली, उचलली. जेमतेम तीन सेंटिमीटरचं पाऊल. टिंबं आजीने काढली, हात थरथरत होता म्हणून एक जरा लांब गेलंय. चाटलं तरी पीठच, कुंकवाच्या रंगाची भानगड नाही. शेजारी आजीची मूठ, मग माझ्या आईची, मग माझी.

दोन कागद केले. एक आजीने साडीच्या घडीत घालून नेला. दुसरा आमच्याकडे काचेत आहे. पीठ झडतं, म्हणून आधी नीट फोटो काढून ठेवलाय. तीन बोटांचा प्लास्टरचा पाय शू-रॅकवर आहे, नवरा त्यावर गाडीची किल्ली ठेवतो.

दुसरं किट अजून सीलबंद पडलंय. कुणाच्या घरी बाळ असेल तर मेल करा, पाठवून देईन. पाणी मात्र माठातलंच घ्या. भेटू पुढच्या भागात.