वारसा : अभिमानाचा आणि मौनाचा
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हीरकमहोत्सवाच्या प्रसंगी ‘वारसा’ हा शब्द वारंवार कानी पडतो. भाषेचा आणि संस्कारांचा वारसा अभिमानाने सांगितला जातो. रक्तातून येणाऱ्या एका वारशाविषयी मात्र घराघरांत मौन पाळले जाते. तो म्हणजे मज्जासंस्थेच्या आनुवंशिक विकारांचा वारसा.

ज्या जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथे या विषयाचा आरंभ गोठ्यापासून करणे उचित ठरेल. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठातील पशुवैद्य रॉबर्ट जॉली यांनी अँगस जातीच्या वासरांचा अभ्यास केला. ही वासरे मान हलवीत, लडखडत आणि अकाली मरत. त्यांच्या शरीरात एका विशिष्ट विकराचा अभाव असल्याचे १९७२ मध्ये दिसून आले. आईबाप धडधाकट असत. परंतु त्यांच्या रक्तात तो विकर सुमारे निम्माच आढळे. हेच ‘वाहक’. रक्ततपासणीने वाहक ओळखून त्यांना पैदाशीतून वगळता आले. पुढे जॉली आणि त्यांचे सहकारी मेंढ्यांच्या अशाच एका विकाराकडे वळले. या मेंढ्यांच्या पेशींत साचणाऱ्या द्रव्याची ओळख १९८० च्या दशकाच्या अखेरीस पटली आणि लहान मुलांना ग्रासणाऱ्या बॅटन विकाराच्या बहुतेक प्रकारांतही तेच द्रव्य सापडले. मेंढीच्या मेंदूने बालकांच्या दुखण्याची वाट दाखविली. भारतातही रेतन केंद्रांवरील होल्स्टीन वळूंची सिट्रुलिनेमियासारख्या आनुवंशिक दोषांसाठी तपासणी केली जाते, ती याच विचारातून.

माणसांच्या बाबतीत असे कार्य मुंबईत घडले. डॉ. नोशिर वाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा केला. तेथे तोल जाणारे, बोलणे अडखळणारे रुग्ण येत. हा अनुमस्तिष्काच्या ऱ्हासाचा विकार वैद्यकाला ठाऊक होता. वाडिया आणि डॉ. स्वामी यांचे लक्ष मात्र रुग्णांच्या डोळ्यांकडे गेले. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर क्षणार्धात झेप घेते. या रुग्णांची नजर संथपणे सरकत असे. अशा नऊ कुटुंबांचे वर्णन त्यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मेंदूची चित्रे काढणारी आजची यंत्रे तेव्हा भारतात नव्हती. साधने दोनच : बारकाईने पाहणे आणि कुटुंबाची वंशावळ विचारून काढणे.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, या प्रकारच्या एका विकाराचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर सापडले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक क्रम प्रमाणाबाहेर पुन:पुन्हा येतो. १९९८ मध्ये वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध करून मंद नजरेचे महत्त्व पुन्हा सिद्ध केले. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

येथे गोठा आणि घर यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. सदोष वळू पैदाशीतून वगळता येतो. माणसाला असे वगळणे हा अन्याय होय. पूर्वी सांगितलेल्या वासरांच्या विकारात दोन्ही वाहक पालकांकडून दोष यावा लागतो. वाडियांनी वर्णिलेल्या विकारात बाधित असलेला एकच पालक पुरतो, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका निम्मा असतो. तेथे कोणाचे पाप नसते की पायगुण नसतो. तरीही सुनेला बोल लावला जातो, सोयरीक जुळेपर्यंत आजोबांची लडखडती चाल लपविली जाते, आणि पुढच्या पिढीला सावध होण्याची संधीच मिळत नाही. विकाराचा ऱ्हास थांबविणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून खरी माहिती हीच मोठी मदत ठरते. तपासणी करावी की न करावी, हे सज्ञान व्यक्तीने समुपदेशनानंतर स्वत: ठरवावे.

विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसून आपल्या कुळाचा इतिहास लिहून ठेवावा. त्यात पराक्रमाबरोबर दुखणीही असावीत : कोणाला, कोणत्या वयात, काय झाले. डॉ. वाडियांचे संशोधन अशाच उत्तरांवर उभे राहिले. मातृभाषेत शिकलेल्या मुलांना आजीशी याविषयी मोकळेपणाने बोलता येते. या शाळेने साठ वर्षे जपलेल्या भाषेचा हाही एक उपयोग आहे.